उघडलेल्या बाटलीचे आयुष्य

गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. तेव्हा बमरोलीत दवाखाना चालविणाऱ्या बालरोगतज्ज्ञाने वाईनच्या साठवणुकीवर लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. निमित्त घडले ते नाशिकच्या सासुरवाडीत. दिवाळीत माझ्या धाकट्या मेहुण्यांनी दिवाणखान्यातील काचेच्या कपाटातून लाल वाईनची अर्धी बाटली काढली. गणपतीत उघडलेली होती. "दाजी, वाईन जितकी जुनी तितकी चांगली, म्हणून जपून ठेवली," असे ते मोठ्या कौतुकाने म्हणाले. बूच काढताच व्हिनेगरचा वास खोलीभर पसरला.

'जुनी ती चांगली' ही समजूत बंद बाटलीपुरती, आणि तीही काही निवडक वाईनपुरतीच खरी आहे. बहुतेक वाईन थोड्या वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात. बंद बाटली १२ ते १५ अंश सेल्सिअस तापमानात, अंधाऱ्या जागी ठेवावी. नैसर्गिक बुचाची बाटली आडवी ठेवतात. त्यामुळे बूच ओले राहते, आक्रसत नाही व हवा आत शिरत नाही. फिरकीच्या झाकणास हे बंधन नाही.

बाटली उघडली की प्राणवायू आपले काम सुरू करतो. प्रथम सुगंध खुलतो, पण पुढे तोच प्राणवायू स्वाद व रंग मंदावतो. शिवाय त्याच्याच साहाय्याने अ‍ॅसिटोबॅक्टर जातीचे जिवाणू अल्कोहोलचे अ‍ॅसिटिक आम्ल करतात. थंडीमुळे या दोन्ही क्रिया मंदावतात, थांबत मात्र नाहीत. म्हणून उरलेली वाईन, लाल असली तरी, घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवावी. लहान स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेवल्यास हवेला जागाच उरत नाही. तरीही साधी वाईन तीन ते पाच दिवस, फेसाळ वाईन एक ते तीन दिवस आणि अधिक अल्कोहोल असलेली पोर्ट काही आठवडे, एवढीच मुदत धरावी.

बिघडणाऱ्या वाईनचे हेच कोडे लुई पाश्चर यांनी अभ्यासले. १८६६ साली त्यांचा वाईनवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाईन ५० ते ६० अंशांपर्यंत तापविल्यास ती बिघडविणारे जीव मरतात, हे त्यांनी दाखविले. पुढे हीच रीत दुधास लागू झाली आणि असंख्य बालकांचे प्राण वाचले. बालरोगशास्त्रावर वाईनच्या बाटलीचे असे ऋण आहे.

नाशिकहून परतल्यावर आठवड्याभरातच एक माता चार दिवस तापलेल्या बाळाला घेऊन आली. तिच्या पिशवीत अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या सिरपची अर्धी बाटली होती. हीही गणपतीतच उघडलेली! "महागाचं औषध, डॉक्टरसाहेब, टाकवेना. फ्रिजमध्येच ठेवलं होतं, तेच दिलं," ती म्हणाली. बाळास न्यूमोनिया झाला होता. सुदैवाने ते बरे झाले. पण औषध चालू आहे या भरवशावर चार दिवस वाया गेले.

कोरड्या भुकटीत पाणी मिसळले की क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचे विघटन सुरू होते. हे सिरप फ्रिजमध्ये ठेवूनही साधारणतः सात दिवसांनी टाकून द्यावयाचे असते. वेष्टनावरील मुदत पाळावी. बिघडलेली वाईन वासाने स्वतःच बोलते. निकामी झालेले सिरप मात्र पहिल्याइतकेच गोड लागते. म्हणूनच ते अधिक धोक्याचे.

चूक त्या मातेची नव्हती. मुदतीची ती ओळ माझ्याच चिठ्ठीवर नव्हती. आता पाणी मिसळल्याची तारीख बाटलीवर लिहावयास सांगतो आणि 'उरलेले टाकून द्या' हे मराठी, हिंदी व गुजरातीत लिहून देतो. वैद्यकबंधूंनीही ही सवय जोडावी, अशी नम्र विनंती. आणि वाचकहो, आज घरी गेल्यावर फ्रिज उघडून एकदा पाहावे: तिथे गणपतीतली एखादी बाटली तर उरली नाही ना?