पूरग्रस्तांना छोटी भेट : काय द्यावं, कधी द्यावं, कोणत्या पैशातून द्यावं?

पुराची बातमी आली की कडाव, कर्जत, नेरळ, खालापूर पट्ट्यातून तांदूळ, डाळ, पाणी घेऊन गाड्या निघतात. ही मदत पहिली हवीच. पण घरातला चिखल निघाल्यावर एक वेगळीच कमतरता जाणवू लागते. मुलांची रंगपेटी गेलेली असते, आजीची गोधडी, घरातला फणी-आरसासुद्धा गेलेला असतो.

२२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूणमध्ये पाणी शिरलं. आदल्याच दिवशी बकरी ईद झाली होती. ईदचे नवे कपडे दुसऱ्या दिवशी चिखलात! सरकारने नंतर कपड्यांसाठी ५ हजार आणि भांड्यांसाठी ५ हजार रुपये जाहीर केले. अशा रकमेत गरजेच्या वस्तू येतात, पण लहान मुलीच्या बाहुलीचा हिशोब कुठल्याच पंचनाम्यात नसतो. तो समाजानेच करायचा असतो.

काय द्यावं? मुलांना वही, रंग, चेंडू, छोटी छत्री. बायकांना खोबरेल तेल, फणी, सॅनिटरी पॅड, नवा गाऊन. वडीलधाऱ्यांना कोरडी चादर, टॉवेल, चहा-साखरेचा पुडा. मुस्लिम घर असेल तर मुसल्ला, तस्बीह. वस्तू नवीच घ्या. जी वस्तू आपल्याला कुणी दिली तर आपणच नाक मुरडू, ती अल्लाहच्या नावाने देऊ नये, ही कुरआनची शिकवण आहे. फाटके कपडे पाठवले तर ते फेकण्याचं काम पूरग्रस्तांनाच करावं लागतं.

कधी द्यावं? पहिल्या दिवशी नको, तेव्हा ठेवायलाही कोरडी जागा नसते. आठ-दहा दिवसांनी, घर धुऊन झाल्यावर द्या. आधी तिथल्या जमातीला किंवा ग्रामपंचायतीला फोन करून घरं किती, मुलं किती वयाची, हे विचारा. पिशव्या प्लास्टिकमध्ये बांधून वर वय लिहा. म्हणजे खोपोली-पाली मार्गे महाडला पोचेपर्यंत पावसातही माल कोरडा राहील आणि वाटताना गोंधळ होणार नाही.

कोणत्या पैशातून? इथे नीट लक्ष द्या. बहुतेक उलेमांच्या मते जकात गरजू मुसलमानालाच देता येते. नफली सदका मात्र कोणत्याही धर्माच्या माणसाला चालतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा उघड्यावर आली ती ठाकर आदिवासी कुटुंबं. अशा वेळी जकात बाजूला ठेवून सदक्याची वेगळी पेटी हवी. जुम्म्याला घोषणा करतानाच दोन्ही हिशोब वेगळे सांगा. शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारा.

शेवटची गोष्ट, फोटो. पिशवी घेणाऱ्या बाईचा, मुलाचा चेहरा व्हॉट्सअॅपवर टाकू नका. देणगीदारांना हिशोब हवा तर बिलं दाखवा, बांधलेल्या पिशव्यांचा फोटो दाखवा. दिल्यानंतर उपकार बोलून दाखवला तर सदका वाया जातो. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागली, तर ती भेट कसली?