झिजलेल्या नाण्यावरचा घोडेस्वार

जुन्या स्टीलच्या दहा पैशांएवढी काळपट हिरवी चकती. व्यास १६ मिलिमीटर, वजन जेमतेम २ ग्रॅम. एका बाजूला डोक्यासारखा उंचवटा, दुसऱ्या बाजूला नुसता गुंता. चौथ्या शतकातली अशी रोमन तांब्याची नाणी युरोपात आणि पश्चिम आशियात अमाप सापडतात. तमिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रातूनही ती निघाली आहेत, श्रीलंकेत तर ढिगांनी. असं नाणं हाती आलं की माणूस भिंग घेऊन आधी अक्षरं शोधतो. माझ्या मते अक्षरांकडे सर्वांत शेवटी जावं.

एक तर ती फसवी आहेत. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्यात कॉन्स्टँटिनस, कॉन्स्टँटिअस, कॉन्स्टन्स अशी नावं; लॅटिन लेखनात तिन्हींची पहिली सात अक्षरं एकच. शिवाय ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे कडेचा लेख पुष्कळदा नाण्यावर पुरता उमटतच नसे. जे मुळात उमटलं नाही ते झिजलं असं समजून आपण डोळे शिणवत बसतो.

आकृती मात्र टिकते. खोली अंधारी करावी, टॉर्च नाण्याच्या कडेला आडवा धरावा आणि नाणं सावकाश फिरवावं. सावल्या लांबतात आणि गुंता सुटू लागतो. उजवीकडे भाला रोवणारा सैनिक, डावीकडे गुडघे टेकलेला घोडा, त्यावरून कोसळणारा स्वार. इतकं दिसलं की अर्धं काम झालं. इ.स. ३४८च्या सुमारास कॉन्स्टँटिअस दुसरा आणि त्याचा भाऊ कॉन्स्टन्स यांनी तांब्याचं नवं नाणं काढलं. त्यावरचा लेख ‘फेल टेम्प रेपरॅशिओ’, म्हणजे सुखाचे दिवस परत आले. पण हे नाणं आकसत गेलं: सुरुवातीला २२-२३ मिलिमीटरचं, दहा वर्षांच्या आत १६-१७चं. म्हणून इथे फूटपट्टी पंचांगाचं काम करते. आपलं नाणं लहान, म्हणजे साधारण ३५३ नंतरचं. ३५० साली मारला गेलेला कॉन्स्टन्स यादीतून बाद.

आता नाणं उलटून डोक्याच्या मानेमागे बघायचं. मोत्यांच्या शिरपट्ट्याच्या गाठीची दोन टोकं लोंबताना दिसली तर तो सम्राट. डोकं उघडं असेल तर ‘सीझर’, म्हणजे त्याच्या हाताखालचा युवराज: ३५४ साली ठार मारलेला गॅलस, नाहीतर ज्युलियन. गॅलसच्या नाण्यांवर नावही कॉन्स्टँटिअस असंच असतं. नाव पुरतं वाचता आलं तरी फसगत व्हायची. निकाल त्या दोन बारीक टोकांवर. आपल्या नाण्यावर ती दिसतात, म्हणजे कॉन्स्टँटिअस दुसरा. (याच चित्राच्या नकला गॉल आणि ब्रिटनमध्ये बेसुमार पाडल्या गेल्या, तेवढं ध्यानात ठेवावं.)

घोड्याऐवजी समोरासमोर दोन सैनिक दिसले, तर त्यांच्यामधल्या उभ्या रेषा मोजाव्यात. दोन ध्वजदंड असतील तर ३३० ते ३३५; एकच असेल तर त्यानंतरचं. ३३५च्या सुमारास नाण्याचं वजन घटवलं, तेव्हा एक ध्वज काढून टाकला. चेहरा, नाव, सगळं गेलेल्या नाण्याचा काळ नुसत्या एका रेषेवरून ठरतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

ही नजर आपल्याकडे नवी नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली. चैत्याच्या कमानींखालून डोकावणारं नहपानाचं नाक आणि ग्रीक अक्षरांचे तुकडे जुळवतच ती वाचावी लागतात.

आणि कृपा करून चिंच-मीठ लावून घासू नका. तो हिरवा थर म्हणजे मळ नव्हे. धातू खात खात त्याच्याच जागी तो तयार झालेला असतो. कित्येकदा घोड्याचा पाय फक्त त्या थरातच उरलेला असतो.

अक्षरांची पाळी आता. चित्राखालच्या रेषेखाली टांकसाळीची खूण असते: अँटिओकची ‘ए-एन’, अलेक्झांड्रियाची ‘ए-एल-ई’. ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या ग्रंथमालेतला या काळाचा आठवा खंड जे. पी. सी. केंट यांनी १९८१ साली टांकसाळींच्या क्रमानेच लावला आहे. आपल्या चकतीची खालची कड पार सपाट. तेव्हा पाकिटावर लिहायचं: कॉन्स्टँटिअस दुसरा, कोसळता स्वार, सुमारे ३५३ ते ३५८, टांकसाळ अवाच्य. खंडातल्या क्रमांकाची जागा मोकळी सोडायची.