खालचा सुळा आला का?

दहा वर्षांच्या मुलाचा खालचा ओठ जरा ओढून पाहा. मधे चार पटाशीचे दात आणि त्यांच्या दोन्ही टोकांना एकेक सुळा. वरचा सुळा अकराव्या-बाराव्या वर्षी येतो, खालचा मात्र नवव्या-दहाव्या वर्षीच हिरडीतून डोकावतो. एका बाजूचा आला आणि दुसरीकडे सहा महिने उलटूनही दुधाचाच दात घट्ट उभा असेल, तर ‘येईल सावकाश’ म्हणून बसू नये.

असं किती मुलांच्या बाबतीत होतं? हाडात अडकून राहणाऱ्या दातांत अक्कलदाढेचा नंबर पहिला, त्याखालोखाल वरचा सुळा. तो शंभरात साधारण दोघांचा अडतो. खालच्या सुळ्याचं प्रमाण बहुतेक पाहण्यांत शंभरात एकाहूनही कमी निघालं आहे. भोकरदनच्या पाचशे मुलांच्या शाळेत वरचा सुळा अडलेली दहाएक मुलं असतील, तर खालचा अडलेलं एखाद-दुसरंच. हे आकडेही बहुतांशी दवाखान्यात आलेल्या रुग्णांच्या एक्स-रेवरून काढलेले असतात. ज्याला दुखत नाही तो दवाखान्यात जातच नाही, आणि अडकलेला सुळा सहसा दुखत नाही. खरी अडचण ही आहे.

कारणं वेगवेगळी. कधी जबड्यात जागा पुरत नाही, कधी दुधाचा दात वेळेवर हलत नाही, कधी दाताच्याच पेशींची छोटी गाठ वाट अडवते. खालचा सुळा क्वचित आडवा होऊन हनुवटीच्या हाडातून सरकत मधली रेघ ओलांडतो आणि पार दुसऱ्या बाजूला जातो. पण त्याची नस मूळ बाजूचीच राहते. त्यामुळे तो काढताना दिसतो त्या बाजूला भूल देऊन भागत नाही, जिथून निघाला तिथली नसही बधिर करावी लागते.

हे सगळं दोन्ही जबडे एकाच फिल्मवर दाखवणाऱ्या ओपीजी एक्स-रेमध्ये दिसतं. लवकर कळलं तर कधी दुधाचा दात काढून जागा केली तरी पुरतं. नाहीतर हिरडी उघडून सुळ्याला छोटी कडी चिकटवतात आणि तारेच्या साहाय्याने महिनोन्‌महिने हळूहळू ओढून जागेवर आणतात. फार आडवा गेलेला सुळा काढावा लागतो. तसाच ठेवला तर अधूनमधून एक्स-रे काढत राहावं लागतं, कारण त्याच्याभोवती पाण्याची गाठ होऊ शकते आणि शेजारच्या दाताचं मूळ झिजू शकतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून सरकारी शाळांतल्या मुलांना तपासतात, त्यात दातही पाहिले जातात. पण अंबड, घनसावंगी, मंठ्याकडची कितीतरी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. पथक आलं त्या दिवशी मूल फडावर असेल, तर त्याचं तोंड कोण पाहणार? अशा मुलांची तपासणी ती गावी परतल्यावर व्हायलाच हवी. गुरुजींनी, बाईंनी चौथी-पाचवीच्या वर्गात एकदा खालचे सुळे मोजले तरी निम्मं काम होतं. शंका आली तर सरकारी दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, जालन्याहून साधारण साठ किलोमीटरवर. एक दिवसाची मजुरी बुडेल खरी, पण पुढची शस्त्रक्रिया टळू शकते. तेवढा दिवस मुलासाठी काढाच.