‘सिली’ : एका विशेषणाचें पूर्वपुण्य

क्रिकेटच्या सामन्याचें धावतें वर्णन ज्या घरांतून ऐकलें जातें, त्या घरांतील लहान मुलांनाहि ‘सिली पॉइंट’ आणि ‘सिली मिड-ऑन’ हीं नांवें ठाऊक असतात. फलंदाजाच्या अगदीं पुढ्यांत, चेंडू अंगावर यावा इतक्या जवळ उभें राहणें हें काहीं शहाणपणाचें लक्षण नव्हे; म्हणून त्या जागांना ‘सिली’, म्हणजे वेडगळ, हें विशेषण लागलें. परीक्षेचे दिवस आले म्हणजे ‘सिली मिस्टेक’ हे शब्दहि मराठी घरांत वारंवार कानीं पडतात. या सर्व ठिकाणीं अर्थ एकच : मूर्खपणाचा, पोरकट. परंतु सुमारें आठशें वर्षांपूर्वीं हेंच विशेषण इंग्लंडांत संतांना आणि साध्वींना लावीत, व तें लाविल्यानें त्यांचा गौरव होई. जो शब्द देवाच्या लाडक्यांसाठीं होता, तो अखेरीस मूर्खांच्या वांट्यास कसा गेला, ही हकीकत केवळ भाषापंडितांच्या कामाची नाहीं. जुनें इंग्रजी वाङ्मय वाचणाऱ्या प्रत्येकानें ती समजून घेतली पाहिजे. नाहीं तर त्या वाङ्मयांतील माणसांवर त्याच्या हातून नकळत अन्याय होतो.

शब्दाची कुळी पाहूं गेलें तर ती थोर आहे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यापूर्वींच्या तेथील भाषेला जुनी इंग्रजी अथवा अँग्लो-सॅक्सन म्हणतात. त्या भाषेंत ‘सॅल’ असें एक नाम होतें. त्याचा अर्थ वेळ, ऋतु, योग्य समय. आणि त्याबरोबरच सुदैव व सुख. हंगाम साधला म्हणजे घरांत धान्य येतें, हें ज्या समाजाला अनुभवानें माहीत असतें, त्याच्या भाषेंत सुवेळ आणि सुख यांचें असें सख्य जमावें यांत नवल नाहीं. या नामापासून ‘सॅलिग’ हें विशेषण झालें. त्यांतील शेवटच्या वर्णाचा उच्चार ‘य’कडे झुकणारा होता. ज्याची वेळ चांगली तो ‘सॅलिग’ : भाग्यवान, संपन्न, सुखी. याच्या उलट ‘अन्सॅलिग’, म्हणजे अभागी.

याच कुळांतील ‘झेलिग’ हा शब्द जर्मन भाषेंत आजहि ‘धन्य, परमसुखी’ या अर्थानें नांदतो आहे. मराठींत जसें ‘कैलासवासी’ म्हणतात, तसा तो दिवंगत व्यक्तीच्या नांवाशीं जोडण्याची रीतहि जर्मन लोकांत आहे. डच भाषेंतील ‘झालिख’ हा शब्द देखील धन्यतेचाच वाचक आहे. एका आजीच्या तीन नातींपैकीं दोघी मानाच्या पाटावर राहिल्या. इंग्लंडांतील नातीच्या नशिबीं मात्र वनवास आला.

इ. स. १२०० च्या सुमारास, म्हणजे ज्या काळाला मध्ययुगीन इंग्रजीचा काळ म्हणतात त्या काळांत, या विशेषणाचें रूप ‘सेली’ असें झालेलें दिसतें. त्या युगांत युरोपांतील सुखाची कल्पना धर्माशीं निगडित होती. खरें सुख ईश्वराच्या कृपेंत आहे. म्हणून जो सुखी तो कृपेला पात्र, आणि जो कृपेला पात्र तो पुण्यशील, अशी ती विचारसरणी होती. त्यामुळें सुदैवी या लौकिक अर्थावरून शब्द सहजच धन्य, पवित्र, भाविक या पारमार्थिक अर्थांवर चढला. हें त्याच्या वैभवाचें शिखर होय.

परंतु पवित्र कोणास म्हणावें? ज्याच्या मनांत कपट नाहीं, त्याला. म्हणून ‘सेली’ म्हणजे निष्पाप, निरागस, असा अर्थ पुढें आला. आणि जो निष्पाप असतो, तो स्वतःचें रक्षण करावयास बहुधा असमर्थ असतो. म्हणून ‘सेली’ म्हणजे निरुपद्रवी; मग असहाय; मग ज्याची कींव यावी असा; मग दुर्बळ. महाराष्ट्रांत १२९० सालीं ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्याच सुमारास इंग्लंडांत हें विशेषण धन्यतेकडून दयेकडे वळत होतें. या वाटेवरील एकेक पाऊल पाहिलें तर त्यांत वावगें असें कांहींच दिसत नाहीं. कोणी या शब्दाचा द्वेष केला नाहीं, कीं कोणी त्याची जाणून विटंबना केली नाहीं. त्याचा ऱ्हास झाला तो करुणेच्या वाटेनें.

हीं सर्व पावलें एकत्र पाहावयाचीं असतील तर जेफ्री चॉसर या कवीचे ग्रंथ उघडावे. चॉसर १४०० सालीं निवर्तला. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत रचिलेल्या त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्यें एका मठवासिनीनें सांगितलेली गोष्ट आहे. तींत विधवेचा सात वर्षांचा मुलगा शाळेंत मोठ्या मुलांच्या तोंडचें मेरी मातेचें लॅटिन स्तोत्र ऐकतो. त्याला लॅटिनचें अक्षर कळत नाहीं. तरी भक्तीच्या ओढीनें तो तें शब्दशः पाठ करतो. अशीं ‘सेली’ मुलें लवकर शिकतात, असें त्या गोष्टींत म्हटलें आहे. येथें आजचा अर्थ लाविला तर मूर्ख मुलें लवकर शिकतात, असें चमत्कारिक विधान होऊन बसेल! कवीच्या मनांतील अर्थ उघड आहे : ज्याचें मन निर्मळ, त्याच्या मनावर संस्कार लवकर उमटतो.

चॉसरच्याच ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ या काव्यांत ससाण्याच्या जातीच्या पक्ष्यानें पायांत धरलेल्या चंडोलाचा दृष्टान्त आहे. त्या चंडोलाला कवि ‘सेली’ म्हणतो. चंडोल मूर्ख नाहीं. तो असहाय आहे. डायडो राणीच्या कथेंत पुरुषाच्या वचनावर विसंबून फसलेल्या स्त्रियांना उद्देशून हेंच विशेषण येतें. तेथें निष्पापपणा आणि करुणा हे दोन्ही भाव आहेत. आणि इतका विश्वास टाकावा कसा, असा हळहळीचा सूरहि त्यांत मिसळला आहे. विश्वास टाकणें हा गुण. पण फसलें जाणें ही शोभा नव्हे. नेमक्या याच फटींतून मूर्खपणाचा अर्थ आंत शिरला.

त्याचें सर्वांत मासलेवाईक उदाहरण म्हणजे ‘कँटरबरी टेल्स’मधील ऑक्सफर्डचा सुतार. या वृद्ध, पैसेवाल्या सुताराची बायको अठरा वर्षांची. घरांत बिऱ्हाडकरू म्हणून राहिलेला निकोलस नांवाचा विद्यार्थी ज्योतिषाचा आव आणून त्याला सांगतो कीं, नोहाच्या काळींहि झाला नाहीं असा जलप्रलय येत आहे. सुतार आढ्याला तीन मोठीं काष्ठपात्रें टांगतो व रात्रीं एकांत निजतो. पुढें मध्यरात्रीं निकोलसनें दुसऱ्याच कारणासाठीं ‘पाणी, पाणी’ असा आरडाओरडा केला, तेव्हां प्रलय आला असें समजून म्हातारा दोर कापतो, खालीं आदळतो आणि हात मोडून घेतो. शेजारीपाजारी जमून त्याला वेड्यांत काढतात. कवि या सुताराला पुनःपुन्हा ‘सेली’ म्हणतो. आतां येथें अर्थ कोणता? भाग्यवान म्हणावें तर ती थट्टा आहे. भोळा, गरीब बिचारा, हे अर्थ तर आहेतच. आणि मूर्खहि आहेच. परंतु लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, बिऱ्हाडकरू खोलींतून बाहेर पडत नाहीं असें पाहून काळजी करणारा या घरांत तोच एकटा, आणि प्रलयाची वार्ता ऐकतांच ज्याला पहिली चिंता स्वतःची न वाटतां बायकोची वाटली, तोहि तोच. फसविणारे चतुर, फसणारा प्रेमळ. शब्दाचे सारे थर तेथें एकाच वेळीं जिवंत आहेत, आणि सर्व थर कळल्यावांचून त्या गोष्टीचें हंसूं पूर्ण होत नाहीं.

शब्दाचें स्थान ढळलें, त्याला शेजारच्या शब्दांची हालचालहि कारण झाली असावी. जुन्या इंग्रजींत मूर्ख या अर्थीं ‘डिसिग’ असा शब्द होता. त्याचेंच आजचें रूप ‘डिझी’. तो मूर्खपणा सोडून डोकें गरगरण्याच्या अर्थाकडे गेला. इकडे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ‘हॅपी’ हा शब्द प्रथम सुदैवी व मागाहून सुखी या अर्थानें रूढ होऊं लागला. म्हणजे ‘सेली’ची जुनी जागा दुसऱ्यानें व्यापली आणि एक हलकी जागा मोकळी झाली. पंधराव्या शतकांत उच्चारांतील दीर्घ स्वर आंखूड होऊन ‘सिली’ हें रूप दिसूं लागलें, आणि १५७० नंतरच्या दशकांत ‘अक्कल नसलेला’ हा आजचा अर्थ स्पष्टपणें आढळतो.

तरीहि जुने अर्थ एका रात्रींत मेले नाहींत. शेक्सपिअरच्या ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ या नाटकांत हद्दपार झालेला व्हॅलेंटाइन दरोडेखोरांचा नायक होण्यास कबूल होतो, पण एका अटीवर : ‘सिली’ स्त्रियांना आणि गरीब वाटसरूंना त्यांनीं त्रास देतां कामा नये. आजच्या अर्थानें वाचणाऱ्याला वाटतें, हा स्त्रियांना मूर्ख म्हणत आहे! वस्तुतः तो त्यांना अनाथ, निराधार म्हणत आहे, आणि त्याची अट ही त्याच्या कुलीनतेची खूण आहे. एका विशेषणाचा अर्थ चुकला कीं सज्जनाच्या तोंडीं शिवी येते. मिल्टननें १६२९ सालीं रचिलेल्या ख्रिस्तजन्माच्या काव्यांत मेंढपाळांच्या विचारांना हेंच विशेषण आहे. तेथें अर्थ साधे, निष्कपट. उलट १६११ च्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरांत, होशेय या संदेष्ट्याच्या ग्रंथांत, एफ्राईमला ‘सिली’ कबुतराची उपमा आहे; तेथें मात्र सहज भुलणारें, अजाण, हा अर्थ आहे. त्या काळच्या वाचकाला प्रसंग पाहून अर्थ निवडावा लागे. आजच्या वाचकाची अडचण अशी कीं, निवड करावयाची आहे हेंच त्याला ठाऊक नसतें. शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून तो कोश उघडीत नाहीं. अनोळखी शब्द वाचकाला थांबवितो. ओळखीचा शब्द त्याला फसवितो.

याच्या अगदीं उलट प्रवास ‘नाइस’ या विशेषणानें केला. लॅटिनमधील ‘अजाण’ या अर्थाच्या शब्दापासून तें फ्रेंचमार्गें इंग्रजींत आलें, आणि चॉसरच्या काळीं त्याचा अर्थ मूर्ख, नादान असा होता. पुढें नाजुक, मग काटेकोर, असें करीत करीत अठराव्या शतकांत तें ‘छान’ झालें. चौदाव्या शतकांतील मनुष्याला ‘नाइस’ म्हटलें तर तो रागावला असता, आणि ‘सेली’ म्हटलें तर कदाचित् संतोषला असता.

भारतीय वाचकाला या कथेंत एक जुना प्रतिध्वनि ऐकूं येईल. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत सम्राट् अशोक आपल्या शिलालेखांत स्वतःला ‘देवानांप्रिय’, म्हणजे देवांचा लाडका, म्हणवितो. त्याच्या लेखांपैकीं एकाचा तुकडा १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मुंबईजवळच्या सोपाऱ्यास सांपडला. तेंच ‘देवानांप्रिय’ हें पद पुढें संस्कृतांत मूर्ख या अर्थीं रूढ झालें. सतराव्या शतकांतील भट्टोजी दीक्षितांच्या ‘सिद्धान्तकौमुदी’ंत त्याचा तोच अर्थ नोंदलेला आहे. याचीं कारणें पंडितांनीं निरनिराळीं दिलीं आहेत. पण देवाचा लाडका आणि बुद्धीचा मंद, हे दोन अर्थ दूरच्या दोन भाषांत एकाच ठिकाणीं येऊन बसावे, हें विचार करण्यासारखें आहे.

मराठींतील ‘भोळा’ हा शब्द आज जणूं त्याच जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा आहे. भोळा शंकर म्हणतांना हात जोडले जातात. साधाभोळा म्हणतांना माया वाटते. ‘अगदींच भोळा आहे हो तो’ असें म्हणतांना मात्र ओठांच्या कडेला हंसूं येतें, आणि भोळसट म्हटलें कीं माया संपते. शब्द पायरी उतरतो तो कोणा ग्रंथकाराच्या हुकमानें नव्हे. घरोघरीं, रोजच्या बोलण्यांत, विश्वास टाकून फसलेल्या माणसाविषयीं जो सूर निघतो, त्या सुरानें तो उतरतो. इंग्लंडांतील लोकांनीं निष्पाप माणसाची आधीं कींव केली आणि मग त्याला हंसले. ‘सिली’ शब्दानें त्याची नोंद तेवढी ठेविली आहे.