जुना सॅक्सोफोन स्वस्तात मिळतोय? पैसे देण्याआधी त्यावरचं 'हे' अक्षर बघा!

शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन सॅक्सोफोन, त्यावर सुंदर नक्षी आणि किंमत नव्या वाद्याहून कमी! अशी जाहिरात दिसली की शौकिनांचे हात शिवशिवतात. पण या स्वस्ताईमागे असा दोष असू शकतो, जो कुठलाच कारागीर काढू शकत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सुरांची दोन मापं चालत. 'लो पिच'मध्ये 'ए' हा सूर ४४० हर्ट्झचा, तर 'हाय पिच'मध्ये सुमारे ४५७ हर्ट्झचा. आज बहुतेक ठिकाणी ४४०च्या आसपासचं माप चालतं. त्यामुळे हाय पिच वाद्य इतरांसोबत वाजवलं की बेसूर लागतं. माउथपीस बाहेर ओढून एखादा सूर जुळेलही, पण बाकीचे बिघडतात. कारण नळीची लांबी आणि भोकांची जागाच वेगळी असते.

हे ओळखायचं कसं? त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन वाद्यांवर मागच्या बाजूला, सीरियल नंबरजवळ 'एल' किंवा 'एच' कोरलेलं असतं. 'एच' दिसलं, तर ते वाद्य शोभेपुरतंच समजा.

दुसरा घोळ 'सी मेलडी'चा. १९२०च्या दशकात घरोघरी वाजवला जाणारा हा प्रकार फोटोत टेनरसारखा दिसतो. तो वाजतो छान, पण बँडमध्ये लागतात ते मुख्यतः आल्टो आणि टेनर.

मग दुरुस्त काय होतं? भोकांवर बसणारे चामडी पॅड, गंजलेल्या स्प्रिंगा, वाळलेला कॉर्क हे सगळं बदलता येतं. कारागीर अंधारात नळीत दिवा सोडतो. जिथून उजेड झिरपतो, तिथून हवाही गळते. मात्र सगळे पॅड बदलण्याचा खर्च कधी कधी वाद्याच्या किमतीपेक्षाही जास्त होतो. तो आधीच विचारून घ्यावा.

चकाकीला मात्र भुलू नये. नवी झळाळी देताना धातू घासला जातो, नक्षी पुसट होते. म्हणूनच १९५४ साली आलेल्या फ्रान्सच्या 'सेल्मर मार्क सिक्स'सारख्या नावाजलेल्या वाद्यांना मूळ लॅकर डागाळलेलं असलं, तरी सहसा जास्त भाव मिळतो.

थोडक्यात, विकणाऱ्याकडून आधी सीरियल नंबरचा जवळून काढलेला फोटो मागवा. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.