खिशातला चाकू: दोनशेचा बरा की वीस हजारांचा?

एसटीत रेंज गेली की ऐकणं अर्धवट राहतं, ही तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार असते. म्हणून आजचा भाग नेहमीसारखा लिहूनही देतोय. बोलताना जिथं भरकटलो ते कापलंय, बाकी सगळं तेच आहे.

आजचा विषय आहे खिशातला चाकू. यूट्यूबवर ‘ईडीसी’चे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. ईडीसी म्हणजे एव्हरीडे कॅरी, घराबाहेर पडताना रोज सोबत असणाऱ्या वस्तू. टेबलावर घड्याळ, टॉर्च, पाकीट आणि मधोमध टायटॅनियमच्या मुठीचा एक चाकू. किंमत दीडशे-दोनशे डॉलर, कधी त्याहून बरीच जास्त. आणि खाली कमेंटमध्ये आपलीच पोरं विचारतात, “भाऊ, इंडियात कुठं मिळंल?”

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रोज खिशात ठेवायचा असेल तर स्वस्त चाकू घ्या. खिशात वीस हजार असले तरी स्वस्तच घ्या. आता याची कारणं एकेक करून बघू. स्टीलपासून सुरू करू आणि कायद्यापर्यंत जाऊ.

ईडीसी आपल्याकडं जुनंच आहे

आपल्या आजोबांच्या पिढीची ईडीसी आठवा. कमरेला चंची, तिच्यात पान, सुपारी, चुना, अडकित्ता. बंडीच्या खिशात एखादा घडीचा चाकू. त्याला कुणी ‘गिअर’ म्हणत नव्हतं, पण रोज लागणारी वस्तू रोज अंगावर असायची, हे तेव्हाही होतंच.

आज शिरूर कासारमध्ये चाकू दिवसभरात कशाला लागतो? खताच्या गोणीची शिलाई उसवायला. सरकीच्या पेंडीचं पोतं उघडायला. ठिबकची नळी कापायला. सुतळी, दावं, पॅकिंगची पट्टी तोडायला. मोटारीच्या वायरचं वरचं प्लास्टिक सोलायला. बांधावर बसून कांदा चिरायला. ऑनलाइन आलेलं पार्सल फोडायला. पुण्यात नोकरीला असाल तर शेवटची दोनच कामं उरतात, तीही कमी.

या यादीत एकही काम असं नाही ज्याला वीस हजारांचं स्टील लागतं. उलट यातली निम्मी कामं पात्याची वाट लावणारी आहेत. गोणीवर माती असते, ठिबकच्या नळीवर वाळू असते, वायरच्या आत तांबं असतं. धार जाणारच. तेव्हा ‘धार किती दिवस टिकते’ यापेक्षा ‘गेली तर परत किती वेळात येते’ हा प्रश्न मोठा आहे.

स्टीलचं गणित

स्टीलचा कडकपणा रॉकवेल नावाच्या मापात मोजतात. स्विस सैनिकी चाकू म्हणून जगभर विकला जाणारा व्हिक्टोरिनॉक्स या मापावर साधारण 56 च्या आसपास असतो. महागड्या चाकूंचं स्टील 60 च्या आसपास किंवा त्याच्याही वर जातं. शिवाय त्यात व्हॅनेडियम नावाचा धातू घातलेला असतो. उदाहरणार्थ एस-30-व्ही या स्टीलमध्ये तो सुमारे 4 टक्के असतो. व्हॅनेडियम आणि कार्बन एकत्र येऊन स्टीलच्या आत अतिशय कठीण कण तयार होतात. त्यांना कार्बाइड म्हणतात. या कणांमुळं धार खरंच जास्त टिकते. ही नुसती जाहिरात नाही.

पण अडचणही तिथंच आहे. धार लावणं म्हणजे दगडानं स्टील घासून काढणं. धार लावायचे बरेच साधे दगड अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात आणि व्हॅनेडियमचे कण त्याच्यापेक्षाही कठीण असतात. म्हणजे ज्यानं घासायचं तोच मऊ. मग हिऱ्याच्या भुकटीची पट्टी आणा, बरोबर कोन धरा, तासभर बसा. नाहीतर धार गेलेला महाग चाकू कपाटात पडून राहतो.

स्वस्त चाकूचं स्टील मऊ असतं. गोण्या फोडून दोन-चार दिवसांत त्याची धार बसते, हे मान्य. पण हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या निसण्यावर पाच मिनिटांत ती परत येते. निसणा नसला तर चिनी मातीचा कप उलटा करा. त्याच्या बुडाला चकाकी नसलेली खरबरीत कड असते, तिच्यावर हलक्या हातानं पातं फिरवा. काम चालून जातं.

फोनशी तुलना करायची तर असं समजा. एका फोनची बॅटरी तीन दिवस चालते, पण चार्जर फक्त मुंबईत मिळतो. दुसऱ्याची एकच दिवस चालते, पण चार्जर घराघरात आहे. गावाकडं राहणारा माणूस कुठला घेईल?

पातं जाड की पातळ

व्हिडिओत न सांगितली जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे पात्याची जाडी. महागडे घडीचे चाकू बऱ्याचदा ‘मजबूत’ दिसावेत म्हणून तीन-साडेतीन मिलिमीटर जाड पात्याचे असतात. अशा चाकूनं कांदा कापून बघा. कापल्यावर नाही, फाटल्यावर येतो तसा ‘कट्’ आवाज येतो, कारण पाचर मारल्यासारखं होतं. पातं जितकं पातळ तितकं ते कमी जोरात आत शिरतं, मग स्टील साधं का असेना.

याचं जगातलं सगळ्यात चांगलं उदाहरण फ्रान्समधलं आहे. सावोआ या डोंगराळ भागात 1890 मध्ये जोसेफ ओपिनेल यानं शेतकऱ्यांसाठी एक साधा घडीचा चाकू बनवला. लाकडी मूठ, पातळ पातं, एक खिळा. पातं उघडं असताना हातावर मिटू नये म्हणून 1955 मध्ये त्याला फिरणारी लोखंडी कडी बसवली. बस्, रचना एवढीच. आजही तो तिकडं स्वस्त चाकूंमध्येच मोडतो आणि शेतकऱ्यापासून सहलीला जाणाऱ्यापर्यंत सगळे वापरतात. सव्वाशेहून जास्त वर्षं टिकलेलं हे डिझाइन शेतातल्या माणसासाठी काढलेलं आहे, हे लक्षात ठेवा.

कोयत्याकडून शिकण्यासारखं

फ्रान्स राहू द्या, आपल्या तालुक्यात याहून चांगला धडा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. उचल त्याच हिशेबानं मिळते. एका हत्याराच्या नावानं दोन माणसं मोजली जातात, यात काय काय दडलंय तो वेगळ्या भागाचा विषय आहे. आज फक्त त्या हत्याराकडं बघू.

ज्या हत्यारावर अख्ख्या हंगामाची कमाई अवलंबून असते, ते महाग असायला हवं ना? पण ते तसं नसतं. लोहार बऱ्याचदा गाडीच्या जुन्या कमानपाट्यातून कोयता घडवतो. कमानपाट्याच्या स्टीलमध्ये साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. ते घाव सोसतं, सहज तुकडा उडत नाही आणि फडातच धार काढता येते. मूठ सैल झाली की ठोकून घ्यायची. मोडला तर दुसरा. हरवला तर हळहळ वाटते, पण हंगाम थांबत नाही.

यातून मला तीन प्रश्न मिळतात. कुठलंही रोजचं हत्यार घेताना ते विचारावेत. एक, याला धार मी स्वतः लावू शकतो का? दोन, शेजाऱ्यानं मागितला तर पटकन हातात देईन का? तीन, उद्या हरवला तर रात्री झोप लागेल का?

महागडा चाकू तिन्हींत नापास होतो. तो घेणारा माणूस वायर सोलायला दुसऱ्याचा चाकू मागतो, कारण स्वतःच्यावर ओरखडा पडेल. मग तो चाकू खिशात असून नसल्यासारखाच.

पण किती स्वस्त?

स्वस्त म्हणजे कचरा नव्हे. बाजारात शे-दोनशेला मिळणाऱ्या चाकूंमध्ये चांगले आणि धोकादायक दोन्ही असतात. विशेषतः महागड्या चाकूची हुबेहूब नक्कल केलेले, काळा रंग मारलेले, नऊ कामं करणारे. त्यांच्यापासून लांब राहा. दुकानात उभ्या उभ्या एवढं तपासा:

– पातं उघडा आणि दोन बोटांत धरून डावी-उजवीकडं हलवा. नव्या चाकूचं पातं लडबडत असेल तर परत ठेवा.

– लॉक असेल तर पात्याची पाठ लाकडावर हलकेच दाबा. बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका. लॉक सुटलं तर तो चाकू फुकट दिला तरी नको. सुटणाऱ्या लॉकपेक्षा लॉक नसलेला, नुसत्या स्प्रिंगवर उभा राहणारा जुना प्रकार बरा. तिथं माणूस निदान सावध असतो.

– कागद कापून बघा. नाही कापला तरी चालेल, धार घरी लावता येते. पण पातं सरळ आहे ना, मिटल्यावर टोक बाहेर राहत नाही ना, ते बघा.

– पातं तीन इंचांच्या आत असू द्या. वरच्या यादीतलं कुठलंही काम त्यात होतं.

आणि महाग घ्यावा असे लोक आहेत का? आहेत. दिवसभर चाकूच चालवणारा कारागीर, धार लावायला वेळ नसलेला, पण ते कौशल्य आणि साधनं असलेला माणूस. किंवा ज्याला छंद आहे तो. छंदाला हिशेब लावू नये. फक्त छंदाला ‘गरज’ म्हणू नये.

कायदा आणि बदनामी

आता थोडं गंभीर. ईडीसीचे बहुतेक व्हिडिओ परदेशातले असतात, कायदा मात्र आपला इथला लागू होतो. शस्त्रविषयक केंद्रीय नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणून विळा, कोयता शेतात चालतो. पण दुसरा कायदाही आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली सण, निवडणूक, आंदोलनाच्या काळात आदेश निघतो. तो लागू असताना सुरे, काठ्या, लाठ्या घेऊन फिरायलाही मनाई असते. तेव्हा ‘माझा छोटाच आहे’ हे उत्तर पुरत नाही. मोर्चा, मिरवणूक, कोर्ट, कॉलेज इथं चाकू घरी ठेवूनच जा. विमानात हँडबॅगेत तर कधीच नाही, तो तिथंच काढून घेतात. दोनशेचा गेला तर माणूस हसत पुढं जातो.

खटक्यानं सट्कन उघडणारा, रामपुरीसारखा दिसणारा चाकू तर घेऊच नका. गोणी फोडायला त्याचा काही उपयोग नाही आणि बघणाऱ्याच्या मनात फक्त सिनेमातला गुंड येतो.

हत्याराची बदनामी कशी होते, याचं एक उदाहरण जपानचं आहे. तिथं हिगोनोकामी नावाचा अगदी स्वस्त घडीचा चाकू शाळकरी पोरांच्या खिशात असायचा, पेन्सिल तासायला. ऑक्टोबर 1960 मध्ये टोकियोत भर सभेत एका 17 वर्षांच्या मुलानं समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांचा खून केला. हत्यार होतं छोटी तलवार, हिगोनोकामी नव्हे. तरी ‘मुलांच्या हातात पातं नको’ अशी मोहीम देशभर उठली आणि पेन्सिल तासायच्या त्या चाकूचा खप कोसळला.

आपल्याकडं काय चाललंय? 2022-23 पासून पुण्याच्या बातम्यांत ‘कोयता गँग’ हा शब्द रोजचा झाला. ज्या शब्दानं आपल्या गावातली घरं मोजली जातात, त्याच शब्दानं शहरात लोक दार लावून घेतात. ऊस तोडून आलेल्या माणसाच्या सामानात कोयता दिसला तर त्याच्याकडं कसं बघितलं जातं, विचार करा. म्हणून हात जोडून सांगतो, चाकू-कोयत्यासोबत रील टाकू नका. गंमत म्हणून टाकलेल्या रीलवरूनही पोलीस गुन्हा दाखल करतात, आणि त्याची किंमत शेवटी ज्याचं पोट त्या हत्यारावर आहे तो मोजतो.

तर या आठवड्यात एक काम करा. नवीन चाकू मागवायच्या आधी घरातले ड्रॉवर, शेतावरची पेटी, जुन्या ट्रंका उघडून बघा. बहुतेक घरांत एखादा गंजका घडीचा चाकू सापडतोच. गंज घासून काढा, खिळ्याला तेलाचा थेंब द्या, निसण्यावर दोन्ही बाजूंनी वीसेक अंशांचा कोन धरून सारखं घासा. कागद कापला की तुमची ईडीसी तयार. नाहीच सापडला तर आठवडी बाजारात जा आणि वरच्या चार तपासण्या करून घ्या. काय सापडलं ते मला व्हॉइस नोटनं कळवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!