कवीचे घर : मालगुंड ते सावनेर

नागपूरहून इटारसीकडे जाणारा लोहमार्ग पांढुर्णा मागे टाकून सातपुड्याचा घाट चढू लागतो, त्या चढणीच्या अलीकडे, संत्र्याच्या बागांच्या मुलखात, तिगाव हे आमचे गाव वसलेले आहे. येथे घरात मराठी बोलली जाते आणि कचेरीत हिंदी चालते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यास जोडले गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्यप्रदेशातच राहिला, आणि त्याच्याबरोबर सौंसर व पांढुर्णा हा मराठी भाषकांचा प्रदेशही सीमेच्या उत्तरेस राहिला. २०२३ साली याच दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु मराठीच्या वाङ्मयीन वारशाची जी गणना पुण्या-मुंबईत होते तिच्यात हा मुलूख सहसा येत नाही, आणि भोपाळच्या दफ्तरातही त्याला मराठी म्हणून वेगळी ओळख नाही. अशा ठिकाणी बसून एका कोकणी कवीच्या जन्मघराचा इतिहास सांगण्याचे कारण इतकेच की, साहित्यिकाचे घर हा समाजाचा ठेवा कसा बनतो, त्याला कोणाचे हात लागतात आणि कोणते कागद उपयोगी पडतात, हे त्या घराच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट दिसते तितके मराठीत अन्यत्र क्वचितच दिसते.

ते घर रत्नागिरी जिल्ह्यात, गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंड गावी आहे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत, यांचा जन्म तेथे १८६६ साली झाला. त्यांची जन्मतिथी काही ग्रंथांत ७ ऑक्टोबर अशी, तर काहींत १५ मार्च अशी छापलेली आढळते; ज्या कवीपासून मराठी काव्याच्या नव्या युगाची गणना केली जाते त्याच्याच जन्माचा दिवस दोन तऱ्हांनी नोंदला जावा, यावरून आपल्याकडील नोंदींची अवस्था ध्यानात येते. याहून मोठी उणीव अशी की, केशवसुतांचे एकही छायाचित्र उपलब्ध नाही. पाठ्यपुस्तकांतून जो चेहरा आपण पाहिला तो चित्रकारांच्या कल्पनेतून उतरलेला आहे. १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळी येथे प्लेगने त्यांचा अंत झाला, पाठोपाठ थोड्याच दिवसांत त्यांच्या पत्नीही गेल्या, आणि कवितांचे संकलित पुस्तक हाती घेऊन पाहण्याचे भाग्य कवीला लाभले नाही. तो संग्रह हरि नारायण आपटे यांच्या पुढाकाराने मृत्यूनंतर काही वर्षांनी प्रसिद्ध झाला. ज्याची मुद्रा उरली नाही आणि ज्याच्या हयातीत ग्रंथही निघाला नाही, त्याच्या संबंधात दगडामातीचे एक घर उरणे याला जे मोल येते ते, ज्यांची छायाचित्रे, पत्रे व ध्वनिमुद्रणे मुबलक आहेत अशा लेखकांच्या घरांना येणार नाही.

आता येथेच एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मालगुंडचे घर हे जन्मघर खरे, परंतु केशवसुतांचे बालपण तेथे सरले काय? वडील केशव विठ्ठल दामले हे शाळाशिक्षक. पुढे त्यांनी विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्या खोतीची व्यवस्था पत्करली आणि कुटुंब दापोलीकडे वळणे या गावी राहावयास गेले. मुलांचे प्राथमिक शिक्षण खेडला झाले. त्यानंतर मामांच्या आश्रयाने बडोदे, मग वर्धा व नागपूर, आणि अखेर पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूल, अशी कृष्णाजीची शिक्षणयात्रा चालली. नागपुरातील मुक्कामात त्यांची गाठ नारायण वामन टिळकांशी पडली. टिळकांनी तेव्हा ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला नव्हता, आणि त्यांच्या सहवासाने या किशोराच्या काव्यवृत्तीस चालना मिळाली; म्हणजे आधुनिक मराठी कवितेच्या अंकुराला जे पहिले पाणी मिळाले त्यातील काही आमच्या मध्यप्रांताचे होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. केशवसुतांच्या कवितेतील कोकणच्या घराची ओढ, विशेषतः ‘नैऋत्येकडील वाऱ्यास’ या कवितेतील ओढ, कोणत्या एका उंबऱ्याशी बांधावयाची हे म्हणूनच अवघड आहे. मालगुंडने जन्म दिला आणि वळण्याने वाढविले. माझे मत असे की, स्मारक एकाच जागी होणे योग्य व अपरिहार्य असले, तरी त्याच्या फलकावर दुसऱ्या गावाचेही नाव असावे. कारण ज्या वारशातून सोयीसाठी एखादे गाव गाळले जाते तो वारसा उत्तरोत्तर दंतकथेकडे झुकू लागतो.

मालगुंडचे घर राखले गेले ते राजाज्ञेने नव्हे. १९९० साली रत्नागिरीस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद कथाकार-कादंबरीकार मधु मंगेश कर्णिक यांच्याकडे होते, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेची स्थापना झाली. त्या नवजात संस्थेने जी पहिली मोठी कार्ये अंगावर घेतली त्यांत केशवसुतांचे स्मारक होते. कवीचे जन्मघर कोकणी घराच्या मूळ घाटणीस धरून, उतरत्या छपरासह, सावरण्यात आले. त्याच्या परिसरात आधुनिक मराठी कवींची चित्रे व कविता मांडणारे दालन आणि ग्रंथालय उभे राहिले. आणि ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. त्या प्रसंगी कुसुमाग्रजांनी या खेड्याला मराठी कवितेच्या राजधानीचा मान दिला, तो उद्गार कोकणात अद्याप लोकांच्या तोंडी आहे. गणपतीपुळ्याच्या दर्शनास आलेला यात्रेकरू थोडी वाट वाकडी करून मालगुंडास येतो आणि ज्याने शालेय जीवनानंतर कवितेचे पान उलटलेले नाही असा मनुष्यही त्या ओटीवर क्षणभर थांबतो. हे लेखकाच्या घराने साधलेले कार्य ग्रंथालयाच्या कपाटाला साधता येत नाही.

या उपक्रमातील मर्म असे की, तेथे एका घराबरोबर संपूर्ण परंपरेला जागा दिली गेली. केशवसुतांच्या उंबऱ्यातून आत गेलेला वाचक पुढच्या पिढ्यांच्या कवींना भेटून बाहेर पडतो. इंग्लंडात स्ट्रॅटफर्ड येथील शेक्सपिअरचे जन्मघर १८४७ साली लिलावात निघाले, तेव्हा लोकवर्गणी उभारून समितीने ते तीन हजार पौंडांना घेतले. कलकत्त्याचे जोडासाँको येथील ठाकूरवाडीचे प्रशस्त प्रासाद १९६२ साली रवींद्रभारती विद्यापीठाचे आवार बनले. परंतु त्या उदाहरणांवरून मराठी लेखकांच्या घरांचा विचार करणे फारसे उपयोगाचे नाही. आपले लेखक बहुधा शाळामास्तर, कारकून, नाटकमंडळीतील नोकर किंवा कुळकायद्याने जमीन गेलेल्या घरांतील मुलगे. बदली झाली की बिऱ्हाड उचलणारे, आणि ज्यांच्या नावे एकही खरेदीखत नाही असे.

दापोली तालुक्यातीलच पालगड येथील साने गुरुजींचे घर या दृष्टीने मननीय आहे. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी त्या गावी, खोतीचा वारसा असलेल्या परंतु उतरत्या कळेच्या घराण्यात झाला. कौटुंबिक वाटणी, कर्ज आणि त्यापायी आलेली मानहानी ही सर्व हकीकत त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकातून महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेली आहे. पुढे १९४९ च्या कायद्याने खोतीच संपली; ज्या सत्तेच्या जोरावर ती घरे उभी होती ती सत्ता गेली आणि घरे रिती झाली. तरीही पालगडचे जन्मघर आज स्मारकरूपाने जपले जाते, आणि त्याचे श्रेय त्या पुस्तकाला आहे. वाचकाने तुळशीवृंदावन, ओटी, माजघर ही स्थाने प्रथम पुस्तकात पाहिली आणि मग ती डोळ्यांनी पाहण्यास तो पालगडास गेला. जळगावच्या बहिणाबाई चौधरींच्या घरासंबंधी तर याहून विलक्षण गोष्ट आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. १९५१ साली त्या निवर्तल्या आणि १९५२ साली, पुत्र सोपानदेव व आप्तांनी टिपून ठेवलेल्या रचना आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूप झाल्या. त्यांच्या वापरातील वस्तू जुन्या जळगावातील चौधरीवाड्यात जतन केल्या आहेत. हस्तलिखित नाही, मेज नाही, दौत नाही. ज्या कवयित्रीचे लेखनगृह म्हणजे चूल, जाते आणि शेत, तिच्या बाबतीत घरातील भांडी हाच अव्वल दर्जाचा पुरावा ठरतो.

आता आमच्या बाजूचे घर. नागपूर–छिंदवाडा रस्त्याने सौंसरकडून दक्षिणेस निघाले की, सीमा ओलांडल्यावर सावनेर लागते. राम गणेश गडकरी, म्हणजेच कवी गोविंदाग्रज, यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी तेथे, आपल्या बंधूंच्या घरी, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी देह ठेवला. जन्म गुजरातेत नवसारीस, शिक्षण व नाट्यजीवन पुण्यात, आणि शेवटचे दिवस सातपुड्याच्या दक्षिणेच्या या गावात. ‘भावबंधन’ हे नाटक त्यांनी येथील अखेरच्या आजारपणात, मृत्यूच्या काही तासच आधी पुरे केले. ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले ते कायमचे. गडकरी स्वतःला केशवसुतांचा चेला म्हणवीत असत. गुरूचे जन्मस्थान समुद्रकाठी आणि शिष्याचे निर्वाणस्थान आमच्या वेशीपाशी, असा हा योग आहे. आणि तरी सौंसर-पांढुर्ण्याच्या शाळांतून मुलांची सहल सावनेरास गडकऱ्यांच्या नावाने निघाली असे सहसा कानी येत नाही. ज्या ठिकाणी मराठी नाट्यवाङ्मयातील एका श्रेष्ठ प्रतिभेने अखेरची ओळ लिहिली, ते ठिकाण आमच्या मुलांना माहीत असलेच पाहिजे, असे मला फार तळमळीने वाटते.

येथवर प्रसिद्धांच्या घरांची चर्चा झाली. परंतु सीमेच्या या भागात कीर्तनकार, हरदास, तमाशाचे कवी, शाळेचे मराठी गुरुजी, गावोगावच्या भजनी मंडळांसाठी पदे रचणारे गृहस्थ अशी जी लिहिती-गाती माणसे होऊन गेली, त्यांच्या घरांचा प्रश्न अधिक कठीण आहे. मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर आणि सागाच्या मयाली यांनी उभे केलेले घर दुरुस्तीवाचून फार वर्षे तग धरत नाही, आणि वारस नागपूर-भोपाळला नोकरीस गेले की दुरुस्ती करणारा हातच उरत नाही. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन वास्तूंविषयक कायद्याला शंभर वर्षांचे वय लागते. त्या वयापर्यंत असे घर पोचतच नाही. कागदांचीही अडचण आहे. जुन्या मध्यप्रांताच्या बंदोबस्तात शेताचा प्रत्येक तुकडा खसऱ्यात नोंदला गेला, परंतु गावठाणाची आबादी बहुधा एकाच क्रमांकाखाली राहिली, आणि तीतील अमुक घर अमक्याचे हे सांगणारा सरकारी दस्तऐवज सामान्य माणसाजवळ नव्हता. मालगुजारी १९५१ साली संपली तरी ही स्थिती बदलली नाही. स्वामित्व योजनेने २०२० पासून ड्रोनद्वारे आबादीची मोजणी करून घरमालकांना अधिकारपत्रे देण्यास आरंभ केला, तेव्हा प्रथमच अशा घरांना नकाशावर जागा मिळू लागली. हा लाभ मोठा आहे. पण अधिकारपत्रावर आजच्या मालकाचे नाव येते, त्या घरात पूर्वी कोण राहत होते आणि त्याने काय रचले, हे येत नाही. ते लिहिणे गावाचे काम आहे.

म्हणून तिगाव, पांढुर्णा आणि सौंसर येथील वाचकांना माझी विनंती आहे. या दिवाळीच्या सुटीत घरातील व शेजारच्या वृद्धांना विचारून, आपल्या गावात ज्यांनी काही लिहिले, रचले वा गाऊन टिकविले त्यांची नावे, त्यांची घरे कोणत्या आळीत होती, आज तेथे कोण राहतात, घर उभे आहे की पडले, आणि त्यांची वही, पोथी किंवा पत्रे कोणाजवळ आहेत, हे सर्व एका वहीत नोंदावे. घर उभे असल्यास त्याचे छायाचित्र घेऊन त्यामागे तारीख व गावाचे नाव लिहावे. आणि त्या वहीची एक प्रत आपल्या ग्रामपंचायतीच्या दफ्तरात दाखल करून दुसरी नागपुरास विदर्भ साहित्य संघाकडे पाठवावी. १९२३ साली स्थापन झालेली ती संस्था आमच्या मुलखाला, राज्याची सीमा मध्ये असली तरी, सर्वांत जवळची आहे.